करार ढाक्याचा, पट्टी तासगावची

गेल्या अंकात भारत आणि बांगलादेश यांच्यातल्या व्यापारावर एक टिपण छापलं होतं. दोन विकसनशील देश जवळ आले की दोघांचाही फायदा होतो, असा त्याचा एकंदर सूर होता. त्यावर सांगली-साताऱ्यातून आलेली पत्रं मात्र वेगळंच विचारतात: जवळीक वाढली म्हणता, मग आमचा भाव का पडला? त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत. बांगलादेशाबरोबर मोझांबिक, श्रीलंका आणि सेनेगलही आले आहेत, कारण पत्रांमध्येच ते आले.

प्रश्न : आमची सोनाका आणि थॉमसन द्राक्षं दरवर्षी बांगलादेशाला जातात. व्यापारी बागेत येतो, पेटीला एक भाव बोलतो आणि आठ दिवसांनी "तिकडं ड्युटी वाढली" म्हणून वीस-तीस रुपये कमी करतो. ड्युटी खरंच इतकी असते, की ही नुसती सबब? (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

असते. आणि ती एक ड्युटी नसून एकावर एक रचलेले पाच-सहा कर असतात. खरी गोम त्या रचनेत आहे.

१०० रुपयांची द्राक्षं बेनापोलच्या, म्हणजे बांगलादेशाच्या बाजूच्या सीमानाक्याच्या, कस्टममध्ये उभी आहेत असं धरा. मूळ सीमाशुल्क २५ टक्के, नियामक शुल्क २० टक्के. हे नियामक शुल्क मे २०२२ पर्यंत फक्त ३ टक्के होतं, डॉलर आटायला लागले तसं एका झटक्यात २० केलं. झाले १४५. आता पूरक शुल्क लागतं ते १०० वर नाही, या १४५ वर. ते २० टक्के होतं, म्हणजे २९ रुपये. झाले १७४. या १७४ वर १५ टक्के व्हॅट, म्हणजे २६ रुपये १० पैसे, आणि ५ टक्के आगाऊ कर, म्हणजे ८ रुपये ७० पैसे. शिवाय मूळ १०० वर ५ टक्के आगाऊ आयकर. बेरीज करा: १०० च्या मालावर ११३ रुपये ८० पैसे कर. जानेवारी २०२५ मध्ये पूरक शुल्क ३० टक्के आणि आगाऊ आयकर १० टक्के केला, तेव्हा हाच आकडा १३६ रुपये २० पैशांवर गेला. वाढ दिसायला १० आणि ५ टक्क्यांची, पण करावर कर चढत गेल्यामुळे बोजा २२ रुपयांहून जास्त वाढला. पुढे त्यातला काही भाग त्यांनी उतरवला. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा हंगामाच्या तोंडावर ताजे दर विचारून घ्या. रचना मात्र हीच राहते.

"मग तो साफ्टा करार कशाला?" असं पुढचं वाक्य तुमच्या पत्रात आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारातली सवलत ही मूळ सीमाशुल्कापुरती. नियामक आणि पूरक शुल्क त्या करारातून निसटतं. शिवाय प्रत्येक देशाची एक संवेदनशील यादी असते, त्या यादीतल्या मालाला सवलतच नाही. भारताने नोव्हेंबर २०११ मध्ये बांगलादेशासारख्या अल्पविकसित देशांसाठी आपली यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणली, आणि त्या २५ म्हणजे दारू आणि तंबाखू. आपण दार बरंच उघडलं, त्यांनी किलकिलं ठेवलं. यात लबाडी शोधू नका. ज्या सरकारला आयकर नीट गोळा करता येत नाही, ते बंदरावर आणि सीमेवर कर गोळा करतं, कारण तिथे माल उभा असतो. पन्नास वर्षांपूर्वी आपणही हेच करत होतो.

आता तुमच्या पट्टीकडे, म्हणजे तुमच्या हातात पडणाऱ्या हिशेबाकडे येऊ. व्यापारी हिशेब उलटा करतो: ढाक्याच्या घाऊक बाजारातला भाव, वजा कर, वजा भाडं, वजा नफा, उरेल तो तासगावचा भाव. ढाक्याचं गिऱ्हाईक एका मर्यादेपुढे पैसे देत नाही, भाडं कमी होत नाही, म्हणून वाढीव कराचा भार सरकत सरकत बागेत येतो. त्यातच तिकडचं कस्टम बऱ्याचदा बिलावरची किंमत न धरता स्वतःचा किमान भाव धरून कर लावतं. त्यामुळे तुमचा भाव पडला तरी किलोमागचा कर तेवढाच राहतो, आणि हलक्या मालाला तो जास्त टोचतो. बारीक मण्याचा, कमी गोडीचा माल पहिल्यांदा नाकारला जातो त्याचं हे कारण.

सबब ओळखायची कशी? तोडणीपूर्वी व्यापाऱ्याला दोन गोष्टी विचारा: तिकडच्या खरेदीदाराची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे त्याच्या बँकेने दिलेली पैशाची हमी) उघडली का आणि कुठल्या तारखेपर्यंतची. एलसी उघडलेली असेल तर भाव ठरवताना कर आधीच हिशेबात आलेला असतो. नंतर "ड्युटी वाढली" म्हणणाऱ्याने वाढ कुठल्या तारखेला झाली ते सांगायला हवं. एलसी नसेल तर माल "पाठवून बघू" या तत्त्वावर चालला आहे आणि जोखीम तुमच्या गळ्यात आहे. अशा सौद्यात निम्मी रक्कम तोडणीच्या दिवशी बँकेत जमा झाल्याशिवाय कात्री लावू देऊ नका. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे रक्कम नव्हे.

छाटणीचं एक गणित. बांगलादेशात द्राक्षाला खरी मागणी रमजानमध्ये, इफ्तारच्या ताटासाठी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला लागला, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, २०२७ मध्ये ८ फेब्रुवारीच्या आसपास. छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण १३० दिवस आणि सीमेपर्यंत दोन हजार किलोमीटरचा रस्ता धरला, तर २०२७ च्या रमजानच्या पहिल्या आठवड्यात माल पोचवायला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फळछाटणी हवी. पुढच्या वर्षी ती आणखी अलीकडे. पण आगाप छाटणी परतीच्या पावसात सापडते आणि फुलोऱ्यात डाऊनी (केवडा रोग) आली तर रमजानही गेला आणि घडही गेले. म्हणून सगळी बाग या एका बाजारासाठी लवकर धरू नये. एखादा प्लॉट आगाप, बाकीचा नेहमीच्या वेळेला, आणि जो माल राहील त्याचा बेदाणा, हा तासगावचा जुना शहाणपणा इथेही चालतो.

प्रश्न : लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव बांगलादेशावर चालतो असं अडते सांगतात. आपल्या सरकारने निर्यातबंदी केली की आम्ही मरतो, ती उठली तरी भाव येत नाही. का? (कांदा उत्पादक, खंडाळा तालुका)

कारण बंदी कागदावर एका दिवसात उठते, गेलेलं गिऱ्हाईक एका दिवसात परत येत नाही.

घटनाक्रम बघा. २९ सप्टेंबर २०१९ ला कांदा निर्यात बंद. त्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या हसत हसत भर सभेत बोलल्या. वर्ष होतं न होतं तोच १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, तीही पूर्वसूचनेशिवाय. सीमेवर कांद्याचे ट्रक अडकले, गोण्यांमधून पाणी गळायला लागलं. चार-पाच दिवसांनी २५ हजार टनांना मुभा दिली, तोवर बराच माल सडला होता. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी, ४ मे २०२४ ला ती उठली पण ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भाव काढला आणि शुल्क २० टक्के केलं. ते शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

या काळात समोरचा काय करत होता? बांगलादेशाने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, चीन, जिथून मिळेल तिथून कांदा आणून पाहिला. त्याहून महत्त्वाचं, आपल्या शेतकऱ्यांना पावसाळी कांद्याचं बियाणं वाटलं. त्यात एन-५३ हे वाण होतं, मूळचं आपल्या नाशिकचं! आणि स्वतःचा कांदा निघाला की आयात परवाने थांबवायचं धोरण धरलं. २०२३ मध्ये त्यांनी मार्चच्या मध्याला परवाने बंद केले आणि तिथला भाव भडकल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात सोडले. म्हणजे आपल्याकडे बंदी नसली तरी त्यांच्याकडे परवाना नसतो. दोन कुलपं आहेत, दोन्ही किल्ल्या एका वेळी लागाव्या लागतात.

लोणंदच्या माणसाने यातून घ्यायचं ते एवढंच की, उन्हाळी कांदा वखारीत टाकताना फक्त दिल्लीकडे बघू नये. ढाक्याच्या कृषी विस्तार खात्याने आयात परवाने सोडले की नाही ही बातमी निर्यातदाराकडे एका दिवसात येते, ती अडत्याकडून काढून घ्या. परवाने बंद असतील आणि चाळीत चार-पाच महिने कांदा ठेवायचा असेल, तर वजनातली घट, सड आणि कोंब मिळून चौथा हिस्सा सहज जातो हे धरून हिशेब करा. आज १६ रुपये मिळत असतील तर ऑक्टोबरात २२ मिळाले तरी तुम्ही जेमतेम तिथेच असता.

शेजाऱ्याला विश्वासार्ह पुरवठादार वाटावं असं आपण वागलो नाही, हे आमचं मत आहे आणि ते कुणाला बोचलं तरी बदलणार नाही. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा द्यायचाच असेल तर त्याला सरकारी साठा हा मार्ग आहे. निर्यातबंदी म्हणजे दोन देशांमधल्या संबंधांचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून करणं.

प्रश्न : सरकार मोझांबिकशी तुरीचा करार करतं आणि इथे जतमध्ये आमची तूर हमीभावाखाली जाते. हा कसला मैत्रीकरार? (जत)

राग रास्त आहे, पण नेम थोडा चुकतो आहे.

२०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या मापुतो (मोझांबिकची राजधानी) दौऱ्यात करार झाला: पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन तूर भारत घेईल. पुढे तो २ लाख टनांवर आणखी पाच वर्षं वाढवला. २०२१ मध्ये मलावीशी वर्षाला ५० हजार टनांचा आणि म्यानमारशी १ लाख टन तूर व अडीच लाख टन उडदाचा करार झाला. यामागचा विचार वाईट नव्हता. आपल्याकडे कमी पडलं की ऐन वेळी जगाच्या बाजारात धावण्यापेक्षा एखाद्या देशाला खात्री द्यायची आणि तिथल्या शेतकऱ्याने आपल्यासाठी पेरायचं. मोझांबिकमध्ये तूर फारशी खातच नाहीत, ती जवळजवळ भारतासाठीच पिकते.

फसलं ते वेळेत. करार झाला त्याच खरिपात भाव बघून आपल्याकडे सगळ्यांनी तूर टाकली, २०१६-१७ मध्ये विक्रमी ४८ लाख टनांवर पीक आलं आणि बाजार ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर मर्यादा घातली, करारातली तूर मात्र त्यातून वगळली. तरी तिकडेही भाव कोसळला आणि मोझांबिकच्या शेतकऱ्याच्या घरात तूर पडून राहिली. करार असूनही दोन देशांतले शेतकरी एकाच वर्षी अडचणीत आले.

आता नेमाचं. २ लाख टन म्हणजे आपल्या देशाच्या पिकाच्या पाच-सहा टक्के. भाव दाबायला तेवढं पुरत नाही. दाबतं ते दुसरं: मे २०२१ पासून तुरीची आयात कुठूनही, कितीही खुली केली आणि मुदत दरवर्षी वाढवत नेली. २०२४-२५ मध्ये आयात दहा लाख टनांच्या पुढे गेली. हे कुठल्याही देशाशी झालेल्या करारामुळे नाही, आपल्याच अधिसूचनेमुळे आहे. मोझांबिकची काढणी आपल्या पावसाळ्यात होते, जहाजं सप्टेंबर ते नोव्हेंबरात न्हावा-शेव्याला लागतात, आणि जतची तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते. म्हणजे तुमचा माल येतो तेव्हा डाळमिलची गोदामं भरलेली असतात. २०२५-२६ साठी हमीभाव ८,००० रुपये क्विंटल ठरला. खरेदी केंद्राची नोंदणी सुरू होताच सातबाऱ्यावर तुरीची पीकपाहणी लागली आहे ना ते बघा. ती नसल्यामुळे नोंदणी फेटाळली जाते, हे दरवर्षीचं रडगाणं आहे.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला हळद थेट बांगलादेशाला पाठवायची आहे. कागदपत्रं कोणती आणि कुठे अडकतं? (कोरेगाव, जि. सातारा)

आधी कागद, क्रमाने. कंपनीच्या नावाने आयात-निर्यात कोड काढा. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करायचा असतो. काही बदल नसला तरी "बदल नाही" एवढं भरायचं, नाहीतर कोड निष्क्रिय होतो आणि ते कळतं ट्रक सीमेवर गेल्यावर. मग स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी (द्राक्ष असेल तर अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यात प्राधिकरणाची). बँकेकडून एडी कोड (परकीय चलन व्यवहारासाठीचा बँकेचा क्रमांक) घेऊन तो कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवा. जीएसटी न भरता माल पाठवण्यासाठी दर आर्थिक वर्षाला एलयूटी (हमीपत्र) भरा. प्रत्येक खेपेला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि उगम प्रमाणपत्र. सुकलेल्या हळदीचा एचएस कोड ०९१० ३० ने सुरू होतो. तो सगळ्या कागदांवर एकच हवा.

तिकडच्या खरेदीदाराला त्यांच्या कृषी खात्याचा आयात परवाना आणि एलसी लागते. दोन्हींच्या तारखा हातात आल्याशिवाय गाडी भरू नका.

अडकतं ते बहुतेक एलसीत. बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीत कंपनीचं नाव "प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड" असं आणि इन्व्हॉइसवर "प्रोड्युसर कं. लि." असं असेल तर तेवढ्यावर कागद परत येऊ शकतात. माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांत आणि एलसीची मुदत संपण्याच्या आत कागद बँकेत गेले पाहिजेत. बँकेला तपासायला पाच कामकाजाचे दिवस मिळतात. एलसीत "सुमारे" हा शब्द असेल तर वजनात दहा टक्के इकडेतिकडे चालतं. पोती मोजून माल ठरला असेल आणि तो शब्द नसेल तर एक पोतंसुद्धा कमी-जास्त चालत नाही. एलसी आली की ती वाचून चुका लगेच दुरुस्त करून घ्या. माल गेल्यावर समोरचा दुरुस्ती करत नाही, सूट मागतो. पैसे बुडण्याच्या भीतीवर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा आहे, पहिल्या दोन-तीन खेपांना तो घ्याच.

उगम प्रमाणपत्राचं महत्त्व श्रीलंकेच्या उदाहरणाने कळेल. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार २८ डिसेंबर १९९८ ला झाला, १ मार्च २००० पासून लागू झाला. अट अशी की मालात ३५ टक्के मूल्यवाढ श्रीलंकेत झालेली हवी. काही वर्षांतच श्रीलंकेतून वनस्पती तुपाचा पूर आला. पामतेल मलेशिया-इंडोनेशियाचं, कारखाना श्रीलंकेत, ड्युटी शून्य. शेवटी वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घालावी लागली. मिरीलाही २,५०० टनांची मर्यादा आहे, कारण व्हिएतनामची मिरी श्रीलंकेची म्हणून येते ही केरळच्या शेतकऱ्याची तक्रार. तेव्हापासून आपलं आणि शेजाऱ्यांचं कस्टम उगमाच्या कागदाकडे संशयाने बघतं. तुमच्या बाबतीत सोपं आहे, हळद पूर्ण इथलीच. पण सांगलीच्या सौद्यात निजामाबादची आणि इरोडचीही हळद येते. ती घेऊन गाडी भरलीत तर उगम "भारत" म्हणून चालेल, "सांगली हळद" मात्र लिहिता येणार नाही. त्या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

आणि पॉलिश. २०१९ पासून बांगलादेशाने हळदीतल्या लेड क्रोमेटवर कडक मोहीम चालवली. हा चकचकीत पिवळा रंग म्हणजे शिसं. पॉलिशच्या ड्रममध्ये पूर्वी कुणी कुणी "झळक यायला" चिमूटभर टाकत. तुमची हळद भाड्याच्या ड्रममध्ये पॉलिश होत असेल तर आधीच्या मालाचा रंग ड्रमला चिकटलेला असू शकतो. पहिलं अर्धं पोतं आपलंच फिरवून बाजूला काढा आणि नमुना शिशासाठी प्रयोगशाळेत तपासून घ्या. ओलावा दहा टक्क्यांच्या आत ठेवा. पेट्रापोलला, म्हणजे आपल्या बाजूच्या सीमानाक्यावर, गाडी किती दिवस थांबेल सांगता येत नाही, तिथल्या दमट हवेत जास्त ओलाव्याच्या हळकुंडाला बुरशी धरते. सीमेपलीकडे माल आपल्या गाडीतून उतरवून त्यांच्या गाडीत भरतात, तेव्हा पोतं दुहेरी शिलाईचं असू द्या.

प्रश्न : रुपयात व्यापार सुरू झाला म्हणतात. मग अजून डॉलर का मागतात? (सांगली, मार्केट यार्ड)

कारण समोरच्याकडे रुपये असले पाहिजेत ना!

रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ ला परिपत्रक काढून सोय केली. परदेशी बँक भारतीय बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खातं उघडते, आपला आयातदार त्यात रुपये भरतो, आपल्या निर्यातदाराचे पैसे त्यातूनच सुटतात. बांगलादेशाबरोबर हे जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, तिकडून सोनाली बँक आणि ईस्टर्न बँक, इकडून स्टेट बँक आणि आयसीआयसीआय. पण २०२२-२३ चा व्यापार बघा: आपण त्यांना सुमारे १२ अब्ज डॉलरचा माल विकला, त्यांच्याकडून सुमारे २ अब्जांचा घेतला. त्या खात्यात जमा होऊन होऊन दोनच अब्ज होणार. उरलेल्या दहांसाठी डॉलरच लागतात. रशियाच्या बाबतीत उलट झालं, आपण तेल इतकं घेतलं की त्यांच्याकडे रुपये साचले आणि ते खर्चायचे कुठे हा प्रश्न पडला. उधारीच्या वहीत दोन्ही बाजू सारख्या भरल्या तरच वही चालते. रुपयात व्यापार वाढवायचा असेल तर आपण बांगलादेशाकडून जास्त विकत घेतलं पाहिजे. हे ऐकायला कुणाला आवडत नाही.

प्रश्न : आपल्याच देशात पैसा नाही आणि आपण आफ्रिकेला, बांगलादेशाला कर्ज देतो. कशासाठी? (पलूस)

उत्तर तुमच्या गावापासून चार पावलांवर आहे. सेनेगलमध्ये भातशेतीच्या सिंचनासाठी भारताने २ कोटी ७० लाख डॉलरची लाइन ऑफ क्रेडिट दिली आणि त्यातून तुमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप तिकडे गेले. कर्ज सेनेगलच्या नावावर, पैसे मिळाले भारतीय कंपनीला.

लाइन ऑफ क्रेडिट म्हणजे रोख रक्कम देणं नव्हे. एक्झिम बँक (आयात-निर्यातीसाठीची आपली सरकारी बँक) मर्यादा मंजूर करते, काम झालं की बिल भारतीय ठेकेदाराला चुकतं करते, आणि तो देश ते हप्त्याने फेडतो. साधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते. बांगलादेशाला २०१०, २०१६ आणि २०१७ मध्ये अशा तीन मर्यादा मिळाल्या, मिळून सात अब्ज डॉलरहून जास्तीच्या. व्याज १ टक्का, मुदत २० वर्षं, त्यातली पहिली ५ वर्षं हप्ता नाही.

प्रत्यक्षात त्यातला बराच पैसा उचललाच गेला नाही. प्रत्येक टप्प्याला दिल्ली आणि ढाका दोन्हीकडची मंजुरी लागते. निविदा फक्त भारतीय कंपन्यांपुरती असल्यामुळे भरणारे दोन-तीनच निघतात आणि दर चढा येतो. वाळू-विटांसारखा मालसुद्धा ७५ टक्क्यांच्या अटीत धरला तर रस्त्याचं काम होणारच नाही, म्हणून बांधकामाला ती अट सैल करावी लागली. यंत्रं विकायला ही पद्धत उत्तम, पूल-रस्ते बांधायला अवघड. सेनेगलचे पंप चालले त्याचं हेही एक कारण आहे.

प्रश्न : अलमट्टीवरून आपण कर्नाटकाशी भांडतो. गंगेच्या पाण्यावर भारत-बांगलादेशाचं काय ठरलं आहे? (सांगली)

आयर्विन पुलाखालच्या पाण्याचे फूट मोजणाऱ्या गावाला हे आकडे समजावून सांगायला नकोत. १२ डिसेंबर १९९६ ला देवेगौडा आणि शेख हसीना यांनी ३० वर्षांचा करार केला. तो पावसाळ्याचा नाही, १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या काळाचा आहे. फराक्क्याला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बंधाऱ्यावर, दर दहा दिवसांचा सरासरी प्रवाह मोजायचा. ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशाला ३५ हजार, उरलेलं भारताला. ७५ हजारांच्या वर असेल तर भारताला ४० हजार, उरलेलं त्यांना. ११ मार्च ते १० मे या सगळ्यात तंगीच्या काळात दहा-दहा दिवसांच्या पाळीने एकदा याला, एकदा त्याला ३५ हजारांची हमी. पाटाच्या पाळीसारखंच आहे, फक्त पाटकरी दोन देशांचे. मोजमाप फराक्क्याला आणि तिकडे हार्डिंज पुलाजवळ, दोन्हीकडचे अभियंते मिळून करतात.

दुखणं असं की हे सूत्र जुन्या सरासरीवर बसवलेलं आहे. फराक्क्याच्या वर बिहार-उत्तर प्रदेशात पाणी उचललं गेलं की वाटायला उरतंच कमी, आणि निम्मं-निम्मं करूनही दोघंही तहानलेले. ३० वर्षं डिसेंबर २०२६ मध्ये पूर्ण होतात.

अलमट्टीशी फरक मोठा आहे. दोन राज्यांच्या भांडणाला लवाद असतो. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं, ब्रिजेशकुमार लवादाने अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली, पटो न पटो, निवाडा आहे. दोन देशांमध्ये असा वरचा कुणी नाही, फक्त एकमेकांची गरज असते. शिवाय करार देश करतो पण पाणी राज्याचं असतं. तिस्तेच्या पाणीवाटपाचा मसुदा २०११ मध्ये तयार होता, पंतप्रधान ढाक्याला गेले, आणि पश्चिम बंगालने हात वर केल्यामुळे सही झाली नाही. २०१५ मध्ये मात्र जमिनीचा प्रश्न सुटला: भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१ बेटासारखी गावं ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली. त्यासाठी १०० वी घटनादुरुस्ती करावी लागली. राज्यं बरोबर असली की गाडी कशी चालते ते तिथे दिसलं.

प्रश्न : बांगलादेशाने सुताला बंदी केली, आमच्या मागांना फटका बसेल का? (यंत्रमागधारक, विटा)

एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जमिनीच्या मार्गाने, म्हणजे बेनापोल, भोमरा वगैरे नाक्यांवरून येणारं सूत थांबवलं. समुद्रमार्ग खुला ठेवला. त्याला उत्तर म्हणून म्हणा किंवा योगायोग म्हणा, १७ मे २०२५ ला भारताने त्यांचे तयार कपडे फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता बंदरातून घ्यायचं ठरवलं. फटका बसतो तो सूतगिरणीला. गिरणीचं सूत तुंबलं तर तुम्हाला ते थोडं स्वस्त मिळू शकतं. पण स्वस्त सूत बघून महिन्याभराचा साठा करू नका. नाका उघडल्याची बातमी आली की गिरणीवाला पहिला फोन ढाक्याला करतो, विट्याला नाही.